भीमराव रामजी आंबेडकर यांचे राज्यशास्त्रविषयक अध्यापन

भीमराव रामजी आंबेडकर (१४ एप्रिल १८९१ – ६ डिसेंबर १९५६) हे भारतीय विधिज्ञ, अर्थशास्त्रज्ञ, राजकीय विचारवंत आणि समाजसुधारक होते. भारतीय संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष आणि स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री म्हणून ते सर्वपरिचित आहेत. १९१८ ते १९३८ या काळात त्यांनी मुंबईतील वेगवेगळ्या संस्थांमध्ये अध्यापनही केले. सिडनहॅम महाविद्यालयात ते राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, तर शासकीय विधी महाविद्यालयात प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य होते. इंग्लंडच्या राज्यघटनेवर त्यांनी विद्यार्थ्यांसाठी व्याख्याने तयार केली. निरनिराळ्या देशांच्या राज्यव्यवस्था शेजारी ठेवून पाहण्याची जी पद्धत त्यांच्या अध्यापनात आणि लेखनात दिसते, तीच पुढे संविधान सभेतील त्यांच्या भाषणांतही आढळते. एका देशात यशस्वी ठरलेली राज्यपद्धती दुसऱ्या देशात नेताना आधी तिथला समाज तपासावा लागतो, हे त्यांच्या तुलनात्मक विचाराचे मुख्य सूत्र होते.

शिक्षण आणि घडण

आंबेडकरांचा जन्म महू येथील लष्करी छावणीत झाला. त्यांचे वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. महार जातीत जन्मल्यामुळे त्यांना शालेय वयातच अस्पृश्यतेचा अनुभव आला. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९०७ मध्ये ते मॅट्रिक उत्तीर्ण झाले. १९१२ मध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयातून त्यांनी अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र या विषयांत मुंबई विद्यापीठाची बी.ए. पदवी मिळवली.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. तिच्या आधारावर १९१३ मध्ये ते न्यू यॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. कोलंबियात इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि सार्वजनिक कायदा हे विषय राज्यशास्त्र विद्याशाखेच्या एकाच छत्राखाली शिकवले जात. राज्यसंस्थेचा अभ्यास समाज आणि अर्थव्यवस्था यांपासून वेगळा काढू नये, अशी त्या विद्याशाखेची घडण होती. आंबेडकरांनी अर्थशास्त्राचे सर्वाधिक अभ्यासक्रम घेतले. त्यासोबत इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र आणि राज्यशास्त्र यांचाही अभ्यास केला. अर्थशास्त्रज्ञ एडविन सेलिग्मन आणि तत्त्वज्ञ जॉन ड्यूई हे त्यांचे शिक्षक होते. लोकशाही ही केवळ शासनपद्धती नसून एकत्र जगण्याची रीत आहे, हा ड्यूई यांचा विचार आंबेडकरांच्या पुढील लेखनात सातत्याने दिसतो. १९१५ मध्ये त्यांना एम.ए. पदवी मिळाली. मे १९१६ मध्ये त्यांनी मानववंशशास्त्रज्ञ अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पॉलिटिकल सायन्स या संस्थेत आणि कायद्याच्या अभ्यासासाठी ग्रेज इनमध्ये त्यांनी प्रवेश घेतला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट सोडून भारतात परतावे लागले. करारानुसार ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. परंतु कार्यालयात मिळणारी अवहेलना आणि शहरात राहण्यास जागा न मिळणे यांमुळे थोड्याच काळात त्यांना बडोदा सोडावे लागले.

सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकपद

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आंबेडकरांची नेमणूक झाली. वेतन दरमहा ४५० रुपये होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील व्यक्तीने शासकीय महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून उभे राहणे ही त्या काळी असाधारण घटना होती. सुरुवातीला विद्यार्थ्यांना या नव्या प्राध्यापकाविषयी फारसे कुतूहल नव्हते. परंतु त्यांची तयारी आणि विषयाची मांडणी यांमुळे वर्गाचे स्वरूप लवकरच बदलले आणि इतर महाविद्यालयांतील विद्यार्थीही परवानगी घेऊन त्यांच्या तासांना येऊन बसू लागले. अध्यापक कक्षात मात्र परिस्थिती वेगळी होती. प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातील पाणी त्यांनी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. वर्गात मान्य झालेली विद्वत्ता पाण्याच्या भांड्यापाशी निरुपयोगी ठरत होती.

याच काळात त्यांचा राज्यघटनेच्या प्रश्नांशी पहिला जाहीर संबंध आला. भारतातील मताधिकाराचा विचार करण्यासाठी नेमलेल्या साउथबरो समितीपुढे जानेवारी १९१९ मध्ये त्यांनी साक्ष दिली आणि लेखी निवेदन सादर केले. प्रतिनिधिक शासनाची पाश्चात्त्य कल्पना भारताला लावताना तिथले गट आणि इथले गट यांतील फरक लक्षात घ्यावा लागेल, अशी त्यांची भूमिका होती. इतर देशांतही समाज गटांत विभागलेला असतो; परंतु तिथे एक व्यक्ती एकाच वेळी अनेक गटांत वावरते आणि गटागटांत देवाणघेवाण चालू राहते. भारतात स्पृश्य आणि अस्पृश्य यांच्यात असा व्यवहारच नाही. त्यामुळे केवळ मतांचे प्रतिनिधित्व पुरेसे नसून त्या त्या समाजातील व्यक्तींनाही सभागृहात स्थान मिळाले पाहिजे, असे त्यांनी मांडले. प्रतिनिधित्वाचा हक्क आणि शासनात पद धारण करण्याचा हक्क हे नागरिकत्वाचे दोन सर्वांत महत्त्वाचे हक्क आहेत, असा युक्तिवाद त्यांनी केला आणि मताधिकाराची अट शिथिल करण्याची मागणी केली.

जानेवारी १९२० मध्ये ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू झाले. मार्च १९२० मध्ये त्यांनी प्राध्यापकपदाचा राजीनामा दिला. वेतनातून साठवलेले पैसे आणि कोल्हापूरचे शाहू महाराज व मित्र नवल भथेना यांची मदत यांच्या बळावर ते त्याच वर्षी अपुरा अभ्यास पूर्ण करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. असे टप्पे त्यांनी पार केले. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांचा प्रबंध १९२५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्याला सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे. या प्रबंधासाठी कोलंबिया विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली.

विद्यापीठीय शिक्षणाविषयी विचार

१९२३ नंतर आंबेडकरांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. अस्पृश्य समाजातील वकिलाकडे पक्षकार सहजासहजी येत नसत. उत्पन्नाला जोड म्हणून १९२५ ते १९२८ या काळात त्यांनी मुंबईच्या बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवला.

१९२७ मध्ये ते मुंबई विधिमंडळाचे नामनियुक्त सदस्य झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडचा सत्याग्रह झाला. चवदार तळ्याचे पाणी पिण्याचा हक्क बजावण्याच्या त्या लढ्याबरोबरच मुंबई विद्यापीठाच्या पुनर्रचनेचा प्रश्नही त्यांनी त्या वर्षी हाताळला. विद्यापीठ सुधारणा समितीला त्यांनी विस्तृत लेखी उत्तरे दिली आणि विधिमंडळात विद्यापीठ विधेयकावरील चर्चेत भाग घेतला. मुंबई विद्यापीठ हे मुख्यतः परीक्षा घेणारे मंडळ झाले आहे, ही त्यांची मुख्य तक्रार होती. परीक्षा आणि पदव्या हे विद्यापीठाचे दुय्यम काम असून अध्यापन व संशोधन हे पहिले काम आहे, असे त्यांचे मत होते. पदवीपूर्व शिक्षण महाविद्यालयांकडे आणि पदव्युत्तर शिक्षण विद्यापीठाकडे अशी वाटणी त्यांना मान्य नव्हती. अशा वाटणीने अध्यापन संशोधनापासून तुटते आणि दोन्हींचे नुकसान होते, असे त्यांनी दाखवले. मागासलेल्या वर्गांना विद्यापीठाच्या कारभारात प्रतिनिधित्व मिळावे, अशी मागणीही त्यांनी केली. ज्या समाजाला शिक्षणाची सर्वाधिक गरज आहे त्याचा आवाज विद्यापीठाच्या निर्णयप्रक्रियेत नसणे त्यांना अन्यायाचे वाटत होते.

शासकीय विधी महाविद्यालय

जून १९२८ मध्ये आंबेडकर मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात प्राध्यापक झाले. १८५५ मध्ये स्थापन झालेले हे महाविद्यालय देशातील कायद्याच्या शिक्षणाचे जुने केंद्र आहे. मार्च १९२९ पर्यंत त्यांनी तिथे शिकवले. याच शैक्षणिक वर्षात ते सायमन आयोगाला सहकार्य करण्यासाठी नेमलेल्या मुंबई प्रांतिक समितीचे सदस्य होते. समितीच्या बहुमताशी न पटल्यामुळे मे १९२९ मध्ये त्यांनी स्वतंत्र अहवाल दिला. प्रौढ मताधिकाराचा पुरस्कार करताना आणि धर्मनिहाय स्वतंत्र मतदारसंघांना विरोध करताना त्यांनी परदेशांतील उदाहरणे तपासली. पहिल्या महायुद्धानंतर पूर्व युरोपात उभ्या राहिलेल्या राज्यांमध्येही धार्मिक आणि वांशिक अल्पसंख्याक होते; तरीही तिथे धर्मनिहाय मतदारसंघ केलेले नाहीत, याकडे त्यांनी लक्ष वेधले. अस्पृश्यांसाठी त्यांनी त्या वेळी संयुक्त मतदारसंघांतील राखीव जागा मागितल्या. पुढे गोलमेज परिषदांच्या काळात त्यांनी स्वतंत्र मतदारसंघांची मागणी केली आणि सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात पुन्हा संयुक्त मतदारसंघांतील राखीव जागांवर तडजोड झाली.

१९३५ मध्ये ते त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य आणि न्यायशास्त्राचे पेरी प्राध्यापक झाले. २७ मे १९३५ रोजी त्यांच्या पत्नी रमाबाई यांचे निधन झाले आणि १ जूनपासून त्यांनी प्राचार्यपदाची सूत्रे हाती घेतली. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवला येथील परिषदेत त्यांनी हिंदू धर्म सोडण्याचा निर्धार जाहीर केला. पुढच्या वर्षी स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना झाली आणि १९३७ मध्ये ते मुंबई विधानसभेवर निवडून आले. अध्यापन, वकिली, पक्षकार्य आणि सामाजिक चळवळ अशी चारही कामे काही काळ एकाच वेळी चालू होती. १९३८ मध्ये त्यांनी प्राचार्यपद सोडले.

इंग्लंडच्या राज्यघटनेवरील व्याख्याने

विधी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांसाठी आंबेडकरांनी तयार केलेल्या इंग्लंडच्या राज्यघटनेवरील व्याख्यानांचा मसुदा उपलब्ध आहे. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या मालिकेतील बाराव्या खंडात तो समाविष्ट आहे. या मालिकेचे संपादन वसंत मून यांनी केले.

त्या काळी या विषयाचा आधारग्रंथ म्हणजे ए. व्ही. डायसी यांचे १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेले राज्यघटनेच्या कायद्यावरील पुस्तक. संसदेचे सार्वभौमत्व, कायद्याचे राज्य आणि राज्यघटनेतील संकेत या तीन तत्त्वांभोवती डायसी यांनी इंग्लंडच्या घटनेची मांडणी केली आहे. भारतीय विद्यार्थ्यापुढची अडचण वेगळी होती. इंग्लंडची घटना एका दस्तऐवजात लिहिलेली नाही. कायदे, न्यायालयांचे निर्णय आणि शतकानुशतकांच्या प्रथा यांतून ती आकाराला आलेली आहे. तिथल्या नागरिकाला जे रोजच्या व्यवहारातून ठाऊक असते, ते मुंबईच्या विद्यार्थ्याला पुस्तकातून शिकावे लागते. म्हणून आंबेडकरांच्या व्याख्यानांत तत्त्वांच्या विवेचनाबरोबरच संस्थांची रचनाही समजावून दिलेली आहे. संसद म्हणजे राजपद, उमरावांची सभा आणि लोकसभा या तीन घटकांचा मिळून झालेला एक देह, हे स्पष्ट करून प्रत्येक घटकाची घडण, अधिकार आणि मर्यादा त्यांत सांगितल्या आहेत.

या विषयाचे अध्यापन हे स्वाभाविकपणे तुलनात्मक होते. संसदेचे सार्वभौमत्व समजण्यासाठी ज्या विधिमंडळांना असे सार्वभौमत्व नाही त्यांच्याकडे पाहावे लागते. इंग्लंडच्या संसदेने केलेला कायदा कोणतेही न्यायालय रद्द करू शकत नाही; अमेरिकेची काँग्रेस मात्र लिखित घटनेने बांधलेली असते. ब्रिटिश भारतातील विधिमंडळे तर दुसऱ्या देशाच्या संसदेने केलेल्या कायद्याने निर्माण झाली होती. वर्गात बसलेला विद्यार्थी ज्या सार्वभौम संसदेचा अभ्यास करत होता, तिच्या निवडणुकीत त्याला मत नव्हते आणि तिचे कायदे मात्र त्याला लागू होते. १९३५ चा भारत सरकार कायदा संमत झाला त्याच वर्षी आंबेडकर प्राचार्य झाले, हे लक्षात घेता या अभ्यासाला असलेला ताज्या राजकारणाचा संदर्भ उघड आहे.

संघराज्यांचा तुलनात्मक अभ्यास

प्राचार्यपद सोडल्यानंतर २९ जानेवारी १९३९ रोजी आंबेडकरांनी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्थेत काळे स्मारक व्याख्यान दिले. ‘फेडरेशन व्हर्सेस फ्रीडम’ या नावाने ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. १९३५ च्या कायद्याने सुचवलेल्या अखिल भारतीय संघराज्याची त्यांनी अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इत्यादी देशांच्या संघराज्यांशी तुलना केली. इतरत्र संघराज्यात सामील होणाऱ्या घटकांची राज्यपद्धती साधारण सारखी असते आणि संघाची सत्ता सर्वांवर समान चालते. नियोजित भारतीय संघात मात्र निवडून आलेली मंत्रिमंडळे असलेले प्रांत आणि राजांची एकतंत्री सत्ता असलेली संस्थाने एकत्र येणार होती. संस्थानांचे प्रतिनिधी प्रजा निवडणार नव्हती. राजे नेमणार होते. प्रत्येक संस्थान किती विषय संघाकडे सोपवणार हेही त्याच्या सामीलनाम्यावर अवलंबून होते. अशा संघराज्यात लोकशाही प्रांतांचे स्वातंत्र्य वाढण्याऐवजी अडकून पडेल, असा त्यांचा निष्कर्ष होता.

या विवेचनाचा मराठवाड्याशी थेट संबंध होता. आजच्या हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव, कळमनुरी, वसमत हा भाग त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानातील परभणी जिल्ह्यात मोडत असे. मुंबई प्रांतातील मराठी मतदार १९३७ मध्ये आपला आमदार निवडत असताना इथल्या मराठी रयतेला जबाबदार शासन नव्हते. नियोजित संघराज्यात तिच्या वतीने कोण बोलणार हे निजाम ठरवणार होता. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर ही स्थिती बदलली.

१९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाकिस्तानच्या मागणीवरील ग्रंथातही त्यांनी हीच पद्धत वापरली. परदेशांतील धडे सांगणाऱ्या प्रकरणात तुर्कस्तान आणि चेकोस्लोव्हाकिया या दोन राज्यांचे विघटन त्यांनी तपासले आणि एका राज्यात अनेक राष्ट्रीय भावना नांदत असताना काय घडते याची चिकित्सा केली.

संविधान सभेतील तुलनात्मक विवेचन

मार्च १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने आंबेडकरांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन सादर केले. ब्रिटिश पद्धतीचे मंत्रिमंडळ भारताला जसेच्या तसे मानवणार नाही, असे त्यात म्हटले होते. इंग्लंडमध्ये बहुमत हे राजकीय असते; आजचा अल्पमतातील पक्ष उद्या बहुमतात येतो. भारतात बहुमत जन्माने ठरलेले, म्हणजे जातीय स्वरूपाचे राहण्याचा धोका आहे. म्हणून त्यांनी ठराविक मुदतीचे आणि अल्पसंख्याकांच्या प्रतिनिधींना सभागृहातील त्यांच्याच सदस्यांनी निवडून दिलेले कार्यकारी मंडळ सुचवले. ही सूचना स्वीकारली गेली नाही. संविधान सभेने त्याच वर्षी संसदीय पद्धतीच्या बाजूने कौल दिला.

२९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि आंबेडकर तिचे अध्यक्ष झाले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा सादर करताना त्यांनी केलेले भाषण तुलनात्मक राज्यशास्त्राचा पाठ म्हणून आजही अभ्यासले जाते. लोकशाही कार्यकारी मंडळाला स्थैर्य आणि जबाबदारी या दोन कसोट्या लावाव्या लागतात, असे त्यांनी मांडले. अमेरिकेच्या अध्यक्षीय पद्धतीत स्थैर्य अधिक असते, तर इंग्लंडच्या संसदीय पद्धतीत जबाबदारी अधिक असते. अध्यक्षीय पद्धतीत कारभाराचे मूल्यमापन ठराविक काळाने निवडणुकीत होते. संसदीय पद्धतीत ते निवडणुकीतही होते आणि प्रश्न, ठराव, अविश्वास प्रस्ताव यांच्याद्वारे दररोजही होते. दोन्ही गुण पूर्णपणे एकत्र साधणारी व्यवस्था अद्याप सापडलेली नाही आणि मसुद्याने जबाबदारीला अधिक पसंती दिली आहे, अशी कारणमीमांसा त्यांनी केली.

संघराज्याच्या बाबतीतही त्यांनी असेच विवेचन केले. अमेरिकेप्रमाणे केंद्र आणि राज्ये अशी दुहेरी व्यवस्था असली, तरी भारतात नागरिकत्व एकच आहे आणि घटक राज्यांना स्वतःची वेगळी घटना करण्याचा अधिकार नाही. संघराज्यांवर नेहमी घेतला जाणारा ताठरपणाचा आक्षेप टाळण्यासाठी समवर्ती सूची आणि आणीबाणीच्या तरतुदी ठेवल्या आहेत, असे त्यांनी स्पष्ट केले. मसुदा परकीय घटनांवरून उचललेला आहे, या टीकेला त्यांचे उत्तर असे होते की लिखित घटनांचा इतिहास शंभर वर्षांहून जुना झाला असून घटनांची मुख्य अंगे आता जगभर सारखीच आहेत. उशिरा लिहिलेल्या घटनेत आधीच्या घटनांतील उणिवा दूर करणे आणि देशाच्या गरजेनुसार फेरफार करणे एवढेच नवे असू शकते. प्रशासनाचा तपशील घटनेतच का घातला याचे स्पष्टीकरण देताना त्यांनी ग्रीसचा इतिहासकार जॉर्ज ग्रोट याने मांडलेल्या संविधानिक नीतिमत्तेच्या कल्पनेचा आधार घेतला. ही नीतिमत्ता उपजत नसते, ती रुजवावी लागते, असे त्यांचे म्हणणे होते. न लिहिलेल्या संकेतांवर चालणारी इंग्लंडची घटना शिकवलेल्या प्राध्यापकाने हा मुद्दा मांडावा, यात एक सुसंगती दिसते.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात त्यांनी तुलनेची मर्यादाही सांगितली. घटना कितीही चांगली असली तरी ती राबवणारे लोक आणि पक्ष कसे आहेत यावर तिचे यश ठरते. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता असा विरोध फार काळ टिकला, तर विषमतेने पोळलेले लोक लोकशाहीची इमारतच उद्ध्वस्त करतील, असा इशारा त्यांनी दिला. २२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्यात वकिलांपुढे बोलताना त्यांनी लोकशाही यशस्वी होण्याच्या अटी क्रमाने मांडल्या. तीव्र विषमतेचा अभाव, प्रभावी विरोधी पक्ष, कायदा आणि प्रशासनात समता, संविधानिक नीतिमत्ता, बहुमताच्या जुलमाचा अभाव आणि जागी असलेली लोकविवेकबुद्धी यांचा त्यांत समावेश होता. विरोधी पक्षनेत्याला शासकीय वेतन देणाऱ्या देशांचे उदाहरण देऊन विरोधी पक्ष हा राज्यव्यवस्थेचाच भाग असतो, हे त्यांनी पटवून दिले.

शैक्षणिक संस्था आणि मराठवाडा

आंबेडकरांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. १९५० मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे संस्थेचे महाविद्यालय सुरू झाले आणि १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसवण्यात आली. पुढे हे महाविद्यालय मिलिंद महाविद्यालय या नावाने ओळखले जाऊ लागले. भिक्खू नागसेनाशी वाद करणारा आणि उत्तरे पटल्यावर ती मोकळेपणाने स्वीकारणारा ग्रीक राजा मिलिंद याचे हे नाव आहे. महाविद्यालयाचा परिसर नागसेनवन या नावाने ओळखला जातो. ज्या उस्मानिया विद्यापीठाच्या कक्षेत तेव्हा मराठवाडा येत असे, त्या विद्यापीठाने जानेवारी १९५३ मध्ये आंबेडकरांना डी.लिट. ही सन्माननीय पदवी दिली. त्याआधी जून १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने एलएल.डी. देऊन त्यांचा गौरव केला होता.

डिसेंबर १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भाषावार राज्यांवरील पुस्तकात त्यांनी एकभाषी आणि बहुभाषी राज्यांचा जगातील अनुभव तपासून एक राज्य एक भाषा हे तत्त्व मान्य केले. मात्र एका भाषेचे सर्व लोक एकाच राज्यात असावेत, हे त्यांना आवश्यक वाटत नव्हते. मराठी भाषकांची चार राज्ये त्यांनी सुचवली. त्यांपैकी मध्य महाराष्ट्रात परभणीसह मराठवाड्याचे सर्व जिल्हे होते. निजामी राजवटीत मराठवाड्यात कालव्याच्या पाण्याची सोय झाली नाही आणि तालुक्याच्या ठिकाणी हायस्कूल क्वचितच आढळते, याची त्यांनी तिथे नोंद केली. प्रगत प्रदेशांबरोबर एकाच राज्यात गेल्यास मराठवाड्याचे काय होईल, ही चिंता त्यांच्या योजनेमागे होती. ही योजना अमलात आली नाही. १ मे १९६० रोजी मराठवाड्यासह महाराष्ट्र राज्य स्थापन झाले.

जुलै १९५६ मध्ये आंबेडकरांनी मुंबईत राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. पहिल्या तुकडीत १५ विद्यार्थी होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे आंबेडकरांचे निधन झाले. त्यानंतर मार्च १९५७ मध्ये हे विद्यालय बंद पडले.

वारसा

१९५८ मध्ये औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्याला आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये संमत केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले आणि नामांतरासाठी दीर्घ लढा चालला. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असा नामविस्तार झाला. त्याच वर्षी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून हिंगोली जिल्हा वेगळा करण्यात आला. सेनगावसह या जिल्ह्यातील तालुके आता नांदेडच्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. १९५५ मध्ये जिथे तालुक्याच्या गावी हायस्कूलही दुर्मीळ होते, त्या प्रदेशातील विद्यार्थी आज संसदीय आणि अध्यक्षीय पद्धतींची तुलना पदवीच्या अभ्यासक्रमात करतात.